आवाजासकट

दुकानदाराने काचेवर तीन कॅमेरे मांडले आणि विचारलं, "लक्ष कशावर ठेवायचंय? गेट, काउंटर, की गोदाम?"

"बाबांवर," नणंद म्हणाली.

दुकानदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे यजमान भिंतीवरची वॉरंटीची पाटी मन लावून वाचू लागले. बहीण आणि बायको एकत्र असल्या की त्यांना नेहमी काहीतरी वाचायला सापडतं.

"वडील अंथरुणावर आहेत आमचे," नणंदेने खुलासा केला. "दादा कामावर. दिवसभर घरात बाबा आणि या."

'या' म्हणजे मी. माझं लग्न होऊन बावीस वर्षं झाली.

चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांची उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण सावकाश, अडखळत. मागच्या महिन्यात नणंद दोन दिवस येऊन गेली, तेव्हा तिला त्यांच्या दंडावर निळा डाग दिसला. पलंगाच्या लोखंडी कठड्याचा होता तो. कुशीवर वळवताना लागला होता, आणि मी त्याच दिवशी कठड्याला जुनी चादर गुंडाळली होती. तिने विचारलं असतं तर दाखवली असती. तिने विचारलं नाही. परतीच्या वाटेवरून भावाला फोन केला, "त्या खोलीत कॅमेरा लाव, नाहीतर मी बाबांना माझ्याकडे नेते."

म्हणून आम्ही तिघं दुकानात आलो होतो.

"हा बाहेरचा, पावसापाण्यात चालतो," दुकानदार एकेक उचलून दाखवू लागला. "याला वायर ओढावी लागेल, शिवाय रेकॉर्डिंगचा डबा. घरात नको. हा दुसरा वायफायवर चालतो. एका जागी बसतो, चित्र स्वच्छ, आवाज नाही. आणि हा तिसरा. मान फिरवतो, अंधारात बघतो, आवाज ऐकतो, आणि तुम्ही मोबाईलवरून बोललात तर खोलीत ऐकूही येतं. कुठूनही. तुम्ही बाजारात, नजर घरात."

"हाच," नणंद म्हणाली.

"दुसरा चालेल," मी म्हणाले.

"का?"

"चित्र दिसलं की पुरे. आवाज कशाला?"

"तेच विचारतेय, वहिनी. आवाजाची भीती कशाला?"

माझा आवाज लहान आहे. तो चढत नाही. माहेरी कौतुक व्हायचं, सासरी त्याचा अर्थ चोरी असा लागला. मी म्हणाले, "ताई, बाबांना विचारलंत का?"

"औषध देताना पेशंटला विचारतात का?"

दुकानदार हसला आणि लगेच खोकला.

खरं कारण तिथे सांगण्यासारखं नव्हतं. माझा एक नेम आहे. अकरा वर्षं झाली, सकाळी सहा ते सात मी बोलत नाही. दिवा लावायचा, मनात नाम घ्यायचं आणि हाताने काम करायचं. त्याच तासात मी बाबांचं अंग पुसते, कपडे बदलते, दाढीचे खुंट काढते. आणि त्याच तासात बाबा बोलतात. दिवसभर त्यांना कोणी थांबून ऐकत नाही. त्यांचं वाक्य अर्ध्यावर आलं की आपण ते पुरं करून मोकळे होतो. सकाळी ते कोणी पुरं करत नाही. ते बोलतात, मी पाणी पिळते. चार वर्षांत त्यांनी मला जे सांगितलं, ते मी त्यांच्या मुलालाही सांगितलेलं नाही.

त्यातलं बरंचसं नणंदेविषयी होतं. ती त्यांना दोन वर्षांपूर्वी दोन महिने घेऊन गेली होती. तिथलं सगळं सांगून झालं की ते म्हणायचे, "तिला कळू देऊ नकोस. मनाला लावून घेईल." आणि मग दर वेळी, "मला परत तिकडे पाठवू नका."

आवाज ऐकणारा कॅमेरा लावला तर त्यांचं बोलणं जाणार. नाही लावला तर बाबाच जाणार, तिच्याकडे. मी दुकानातल्या काचेवर बोट ठेवून उभी राहिले, आणि तिसरा कॅमेरा खोक्यात भरला गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानातला माणूस येऊन तो कपाटाच्या माथ्यावर बसवून गेला. पासवर्ड नणंदेने टाकला, मोबाईलवर तळहाताचा आडोसा धरून. यजमानांच्या मोबाईलवर नुसतं दिसायची सोय दिली. चालू करणं, बंद करणं, मान फिरवणं सगळं तिच्या हातात. माझ्या मोबाईलचा विषय निघाला नाही. जाताना ती बाबांच्या कपाळावरून हात फिरवून म्हणाली, "आता मी इथेच आहे हं."

बाबांनी कपाटाकडे पाहिलं. कॅमेऱ्याच्या कडेला निळा ठिपका पेटला होता.

पहिल्या सकाळी मी पातेल्यात कोमट पाणी घेऊन बसले. बाबांनी तोंड उघडलं, वर पाहिलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा बोटाच्या खुणेने मागितलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. यजमान बाबांच्या खोलीच्या दारातच उभे होते आणि फोन स्पीकरवर होता.

"दादा, वहिनी सकाळी त्यांच्याशी एक शब्द बोलत नाहीत. एक शब्द नाही. मी रेकॉर्डिंग ठेवलंय."

"अगं, तिचं मौन असतं. तुला माहितीये."

"माहितीये. देवाला एक तास आणि माझ्या बापाला तोंडाचं कुलूप. भिंत पुसावी तसं पुसतात त्यांना. तेही बिचारे गप्प पडून असतात. घाबरलेत ते, दादा."

फोन ठेवल्यावर यजमान मला स्वयंपाकघरात म्हणाले, "थोडे दिवस तो तास सोड ना. दोन शब्द बोलत बोलत पूस. तिचं तोंड बंद होईल."

"तिच्या तोंडासाठी नेम धरला नव्हता," मी म्हणाले. "तिच्या तोंडासाठी सोडणारही नाही."

इतकं मी त्यांना आजवर कधी सुनावलं नव्हतं. त्यांनी तेलाच्या पिशवीवरची अक्षरं वाचायला घेतली.

पण नेम तरी कुठला धड चालला होता! नाम घेताना मध्येच तिचा चेहरा यायचा. मनातल्या मनात मी तिला अशी उत्तरं द्यायचे की माझे मलाच कान बंद करावेसे वाटत. जिभेवर मौन आणि आत कडाक्याचं भांडण. देवासमोर हात जोडताना मला लाज वाटायची. देवाची. तिची नाही.

पाचव्या दिवशी साडेसहाच्या सुमाराला मी बाबांना कुशीवर घेतलं होतं. पाठ उघडी होती. तेवढ्यात कपाटावरून आवाज आला.

"वहिनी, पाय नीट धरा. असा ओढू नका."

बाबांचं अंग दचकलं. पातेलं कलंडलं, पाणी चादरीवरून फरशीवर गेलं.

"सांडलंत ना? अहो, ऐकू येतंय का?"

मी आधी कोरडी चादर ओढून बाबांचं अंग झाकलं. मग फरशीवरचं पाणी टिपायला घेतलं.

"मी बोलतेय तुमच्याशी. उत्तर द्या. ही कसली भक्ती? माणूस विचारतंय आणि तुम्ही फडकं मारताय."

माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. एक वाक्य तयार होतं, धार लावून. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला सात वाजण्याची घाई झाली.

"तिचं... मौन आहे," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही शांत पडा. मी वहिनींशी बोलतेय."

"असंच."

"काय असंच?"

"असंच करायचीस. तिकडे." ते थांबले, घसा ओला केला. मध्ये कोणी बोललं नाही. "माझ्या डोक्यावरून बोलायचीस. हॉलमध्ये पडदा लावून... मागे ठेवलंस. पाहुणे आले की पडदा सरकवायचीस. घास सांडला की... हसून सांगायचीस. म्हणायचीस, आता यांना काही कळत नाही." त्यांनी डाव्या हाताने चादर छातीवर ओढली. "मला कळत होतं. आत्ताही कळतंय. मी उघडा होतो. तू बघत होतीस."

निळा ठिपका तसाच होता. कपाटावर बारीक खरखर ऐकू येत होती, म्हणजे ती तिथेच होती.

"हे तुम्हाला वहिनींनी पढवलंय," ती शेवटी म्हणाली. आवाज फाटला होता.

बाबांच्या तोंडाची एकच बाजू हसते. ती हसली. "कधी पढवणार? तूच म्हणतेस ना... ती एक शब्द बोलत नाही."

टक् असा आवाज झाला आणि खरखर थांबली.

मी दुसरं पाणी आणलं, पाठ पुसून पुरी केली, बंडी घातली. सात वाजले. तयार ठेवलेलं वाक्य बोलायला मी तोंड उघडून कपाटासमोर उभी राहिले, तेव्हा यजमान मोबाईल घेऊन आत आले. स्क्रीनवर माईकच्या चित्रावर तिरकी रेघ होती.

"आवाज बंद केलाय तिने," ते म्हणाले. "आताच फोन होता. चित्र पुरे आहे म्हणाली, आवाजाची नुसती कटकट होते. आणि म्हणाली..."

"बोला."

"म्हणाली, आणखी एक डाग दिसला तर वहिनींना सोडणार नाही."

"कॅमेरा?"

"तो राहणार."

माझं वाक्य मी गिळलं. खाली उतरलं नाही ते. अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी सहाला मी दिवा लावला, पातेलं घेऊन बसले. बाबांनी वर पाहिलं.

"ऐकतेय?"

मी मान हलवली. नाही.

"बघतेय?"

मी होकार दिला.

मी टॉवेल भिजवला, पिळला, त्यांची मान पुसली.

"बघू दे," ते म्हणाले. मग म्हणाले, "तो व्यायामवाला येतो ना... त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येतो. चार महिने सहन करतोय मी. आणि मलाच म्हणतो, दीर्घ श्वास घ्या."

हसू दाबताना माझे खांदे हलले. तेवढ्यात वर बारीक घरघर झाली. कॅमेऱ्याने मान वळवली, बाबांच्या तोंडावर आला, तिथे थांबला. तोंड हलत होतं आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. मग तो सरकत माझ्या हातांवर आला.

मी हात मागे घेतले नाहीत. टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवला आणि अगदी सावकाश पिळला, तिला एकेक बोट दिसेल असा.