रुवैससाठी घर

टेप सर्रकन आत गेली आणि खटकन मिटली. त्या आवाजानं मी जागी झाले. दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातल्या त्या व्हिलात आम्ही सात कुटुंबं एकेका खोलीत राहायचो, पण शुक्रवारी इतक्या लवकर कुणाचा नळसुद्धा वाजत नसे. हे खोलीच्या मध्ये उकिडवे बसून आमच्याच फरशीचं माप घेत होते.

"आता हे काय मापताय?"

"आपल्याला जागा किती लागती ते बगतोय," हे हळूच म्हणाले. "तितं जाऊन नुसतं डोळ्यांनी काय कळणार?"

"मग किती लागते?"

"साडेअकरा बाय नऊ. कपाट धरून."

ठकी पलंगावर आडवीतिडवी झोपली होती, एक पाय भिंतीला टेकवून. सहा वर्षांच्या पोरीला किती जागा लागते ते मला टेपेशिवायच ठाऊक होतं.

पंधरा दिवसांपूर्वी ह्यांच्या कंपनीनं रुवैसच्या बंदरावरचा बर्फाचा कारखाना चालवायला घेतला. मासळीला लागणारा बर्फ. दोह्यापासून शंभर किलोमीटर उत्तरेला. हे कंपनीतले जुने एसी मेकॅनिक, तेव्हा दोन वर्षं तिथं ह्यांनीच राहायचं ठरलं. इथली खोली महिनाअखेर सोडायची. तिकडे भाड्याचं घर द्यायला कंपनी तयार नव्हती. कारखान्याच्या आवारात एक कॅरॅव्हॅन उभी करून देणार होती, चाकांवरचं घर. आणि कंपनीनं जागा दाखवली नाही तर बायकोमुलांचा व्हिसा वाढत नाही. मॅनेजर गुरुप्रसाद यांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं होतं. मोठी कॅरॅव्हॅन आली तर तिघं रुवैसला. छोटी आली तर हे एकटे रुवैसला, मी आणि ठकी गावी, खानापूरला.

"अरबाब जुम्मे को कॅम्पिंग का शो देखने जा रहा है," ते म्हणाले होते. अरबाब म्हणजे कंपनीचा मालक. "अपने डेरे के लिए गाड़ी लेगा, साथ में प्लँट के लिए भी. शहाजी जो बोलेगा वही लेगा. बस, शहाजी ठीक से बोले."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

ह्यांना दोह्यात येऊन सात वर्षं झाली. त्यातली पहिली पाच ह्यांनी कामगारांच्या कॅम्पमध्ये काढली, आठ माणसांच्या खोलीत. त्याबद्दल हे कधी काही बोलले नाहीत. पण आम्ही आल्यावरही कितीतरी दिवस हे अंघोळ झाली की साबण पुसायचे, डबीत घालायचे आणि डबी ट्रंकेत ठेवून कुलूप लावायचे. एकदा मी हसले, तेव्हा कुठे ह्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून साबण मोरीत राहायला लागला. रुवैसचं ठरल्यापासून मला सारखी त्या डबीची आठवण येत होती.

शोच्या मैदानावर दहा वाजताच ऊन चढलं होतं. ऑक्टोबर सरत आला तरी सदतीस. पांढऱ्या कॅरॅव्हॅनची रांग लागली होती, पुढे रंगीत छत्र्या, घडीच्या खुर्च्या, कोळशाच्या शेगड्या. हिवाळ्यात वाळवंटात डेरा टाकायची इथल्या लोकांना भारी हौस. मुलं एका दारातून आत शिरत होती, दुसऱ्यातून बाहेर. त्यांच्या आया बुरख्यातून गाद्या दाबून बघत होत्या. मीही दाबून बघितल्या. त्यांच्यात नि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना आवडली नाही तर त्या पुढची बघणार होत्या.

कारखान्याच्या आवारात मावतील अशा दोनच होत्या. आधी आम्ही मोठीत चढलो.

"ममी, लुक," ठकी ओरडली. "टेबलचा बेड होतो."

खरंच होत होता. दोन शेगड्यांचा ओटा, बेसिन, कपाट, आणि दोन्ही बाजूंना हातभर रुंद काचा. मी दोन मिनिटांत संसार मांडला. वरच्या फळीवर देव. खिडकीशी ठकीची पाटी-पुस्तकं, कारण तिकडे शाळेची बस येत नव्हती, मीच शिकवणार होते. पोळपाट ड्रॉवरमध्ये मावेना, तो मनातल्या मनात तिरका ठेवला.

ह्यांनी मात्र गादीला हातही लावला नाही. विकणाऱ्याला एसी सुरू करायला सांगितला, दार-खिडक्या लावून घेतल्या, खिशातून कामावरचा थर्मामीटर काढून हुकाला अडकवला. मग घड्याळ बघत उभे राहिले. वीस मिनिटं. एसी घरघरत होता. ठकीच्या कपाळावरचे केस चिकटायला लागले. मी पाऱ्याकडे बघायचं टाळत होते आणि तिकडेच बघत होते.

तीस. त्याच्या खाली उतरेना.

छोटीत एक पलंग, एक शेगडी, जाड भिंती, पाटीएवढ्या दोन खिडक्या. वीस मिनिटांत तेवीस.

दोन्ही गाड्यांच्या मधल्या सावलीत मी ह्यांची बाही धरली.

"अहो, मोठीच सांगा."

हे थर्मामीटर रुमालानं पुसत राहिले.

"खिडक्यांना मी गोधड्या लावीन. दुपारची शेगडी पेटवणार नाही. गावाकडं पत्र्याखाली राहिलोच की."

"गावाकडं पत्र्याखालनं उठून झाडाखाली जाता येतंय."

"एसीचं तर तुम्हीच बघणार. घरात मेकॅनिक असून..."

"एसीत खोट न्हाई गं. गाडीच थंड मुलखातली हाय. एवढाल्या खिडक्या कशापायी, तर ऊन आत यावं म्हणून. तिकडं उन्हाचं कौतुक." हे थोडंसं हसले, मग थांबले. "जूनमधी भाईर सत्तेचाळीस आसतंय, भामा. मी दिसभर कारखान्यात. जनरेटर बंद पडला, तर तुमी दोगी दार उघडून जाणार कुठं? चौकडं वाळूच."

"जूनमध्ये आम्ही गावी जाऊ."

"कंपनीचं तिकीट दोन वर्सांतनं एकदा."

"जूनला अजून सात महिने आहेत."

तेवढ्यात गुरुप्रसादसाहेब समोरून येताना दिसले आणि त्यांच्या पुढे अरबाब. उंच, म्हातारा माणूस, हातात जपमाळ. त्यानं मोठ्या गाडीवर दोन थापा मारल्या.

"शाजी, हादा झेन?" ही चांगली ना, असं तो विचारत होता.

गुरुप्रसादसाहेब त्याच्या पाठीमागून ह्यांच्याकडे बघत मान हलवत होते. होय म्हण, होय म्हण. मी ठकीचा हात इतका घट्ट धरला की तिनं तो सोडवून घेतला.

"बड़ा देखने में अच्छा है, अरबाब," हे म्हणाले. "लेकिन जून में इसमें आदमी नहीं रह सकेगा. छोटा झेन."

अरबाबनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा ठकीकडे.

"मदाम?"

"मदाम इंडिया जाएगी."

ही गोष्ट ह्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच उच्चारली, आणि तीही हिंदीतून.

"खलास. छोटा," अरबाब म्हणाला आणि माळेचे मणी सरकवत स्वतःच्या डेऱ्यासाठीच्या गाड्यांकडे निघून गेला. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

गुरुप्रसादसाहेब मागे थांबले. "शहाजी, तुझे जून का पूछा किसने था?"

"पूछा तो मुझे ही था, साहब."

साहेबांनी डोक्याला हात लावला आणि तेही गेले.

मला राग आला होता. तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, कारण ठकीचा फ्रॉक अजून पाठीला चिकटलेला होता आणि तो मला दिसत होता. हे छोट्या गाडीत शिरले. वायर कुठून आत येते, प्लग किती आहेत, हे सगळं वाकून वाकून बघायला लागले. आता त्याची काही गरज नव्हती. मी दारातच उभी राहिले.

"भामा," हे पाठमोरेच म्हणाले, "कॅलेंडर कुठल्या भिंतीला लावू? तू सांग."

"शेगडीच्या वर नको," मी म्हटलं. "तेलकट होईल."

"मग हितं?"

"तिथं चालेल."

ह्यांनी खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर बारीकशी खूण केली. गाडी अजून आमची झाली नव्हती, कागदसुद्धा व्हायचे होते, तरी केली. आणि त्या खुणेवर अंगठा ठेवून तसेच उभे राहिले.

ठकी त्या एकुलत्या एका पलंगावर उताणी पडली होती. पाय ताणून तिनं एक भिंत गाठायचा प्रयत्न केला, हात ताणून दुसरी. मग आपल्या पप्पांच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही विचारणार की आपण दोघी कुठं झोपायचं. त्याचं उत्तर मी जुळवून ठेवलं होतं.

"ममी," ती म्हणाली, "पप्पांना नाईटला भीती वाटली, तर ते कुणाला वेक अप करणार?"