परत आलेल्या बाया

सत्यशीलाबाईच्या ओसरीत दुपारी बसायचं तर दोन अटी होत्या. हात रिकामा नको अन् तोंड उघडं नको. हात सरगुंडे वळायला, म्हणजे कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळून अलगद सोडवायला. आंब्याच्या रसासोबत ते घरोघरी लागत. अन् तोंड बंद एवढ्यासाठी, की तिथं बाईची नात पायल पुस्तक वाचून दाखवत असे.

पायल वणीची. तिचा बाप इंद्रजित, म्हणजे सत्यशीलाबाईचा लेक, तिकडं कोळशाच्या ट्रकवर होता. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की तो पोरीला राळेगावकडच्या या आपल्या गावी आणून सोडायचा. सहावी पास झालेली पायल यंदा सोबत एक जाड पुस्तक घेऊन आली होती, शाळेत बक्षीस मिळालेलं. पोरींसाठी लिहिलेलं, अन् त्यात सगळ्या बायाच. एक एकटीनं होडी घेऊन समुद्र ओलांडणारी, एक पहाडात जाऊन डॉक्टरकी करणारी, एक जंगलात राहून मधमाश्यांचा अभ्यास करणारी. त्यांची परदेशी नावं सत्यशीलाबाईच्या जिभेवर काही बसली नाहीत. तिनं आपलं त्यांचं बारसं केलं: जहाजवाली, पहाडवाली, माश्यावाली.

बाई स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. एसटीची पाटी वाचायची, सही करायची. बारीक अक्षरांच्या वाटेला जात नव्हती. "माह्या घरात वाचणारी हाय," म्हणायची, "मी कायले डोळे फोडू?"

पुस्तकातलं सगळ्यात गोड होतं ते शेवट. बाई दुनिया पालथी घालायची अन् शेवटी आपल्या गावी यायची. आखरावर, गावाबाहेर गुरं जमतात तिथं, तिची माय उभी असायची. माय कोमट पाण्यात मीठ टाकून पोरीचे पाय धुवायची, मग ताट वाढायची. हे आलं की सत्यशीलाबाईचा हात काडीवर थांबायचा.

"पाहा वो," ती बायांना म्हणायची, "कितीबी मोठी झाली तरी मायच्या दारात आली का नाही? अशी असते लेक."

बाया मान खाली घालून वळी गुंडाळत. बाईची पोरगी अपेक्षा कुठं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, अन् या ओसरीत ते नाव काढायचं नाही हेही. पायल पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. साक्षगंध झालेलं लग्न मोडून अपेक्षा नर्स म्हणून मस्कतला निघून गेली. "गेली ते गेली, आता या दारात पाय ठेवाचा नाही," असं सत्यशीलाबाई चारचौघांत बोलून बसली. अन् चारचौघांत बोललेलं ती कधी गिळत नसे.

त्याच दिवसांत समाजमंदिरात शाळेच्या प्रेरणा मॅडमनं पोरींचं शिबिर ठेवलं. गावातल्या कोण्या बाईनं पोरींसमोर चार शब्द बोलावे, असं मॅडमच्या मनात होतं. सत्यशीलाबाईनं बोलावण्याची वाट पाहिली नाही. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसली अन् पायलला हाक मारली.

"चाल. आज जहाजवाली सांगतो त्यायले."

पायल दारातच घुटमळली. "आजी, ते नको सांगू. तुह्या कापूस वेचाच्या गोष्टी सांग न."

"कापूस त्यायच्या बापानंबी पाह्यला हाय. जहाज कोणी पाह्यलं?"

"माह्यं पोट दुखून राह्यलं."

"ओवा खाय अन् चाल."

बाई बोलायला उभी राहिली की पंख्याचा आवाजही कमी वाटायचा. तिनं समुद्र असा उभा केला की समोरच्या लहान पोरींनी पाय वर घेतले. लाट आली, शीड फाटलं, पाणी संपलं. अन् मग जहाजवाली घरी आली, आखरावर माय उभी, मायच्या हातात घंगाळ, घंगाळात कोमट पाणी.

"आजी," मधूनच एक पोरगी उभी राहिली. ती शकुबाईची नात. शकुबाई म्हणजे सत्यशीलाबाईची चुलत जाऊ, बोलणं गोड अन् वार खोल. "आजी, ते वापस नाही आली. पुस्तकात हाय."

"कोणत्या पुस्तकात वो?"

"मॅडमच्या पेटीत हाय ते. मी काल वाचलं."

"तुह्या पुस्तकाचं शेवटचं पान उंदरानं खाल्लं असन. माह्या नातीनं अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं मले."

पोरी खिदळल्या. मॅडम घाईनं म्हणाली, "जाऊ द्या काकू, गोष्टच आहे ती. थोडं इकडंतिकडं होतं."

इथंच बाईनं बसून घेतलं असतं तर निभावलं असतं. पण ती सत्यशीलाबाई होती. "इकडंतिकडं माह्या घरात होत नाही," ती म्हणाली. "काढा पुस्तक. वाचा मोठ्यानं."

मॅडमनं पुस्तक काढलं, पान शोधलं. तिचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला. जहाजवाली त्या दूरच्या बेटावरच राहिली. तिथल्या पोरांना होड्या बांधायला शिकवू लागली. तिचं घर आता तेच होतं. संपलं.

मागच्या रांगेतून शकुबाई म्हणाली, "तुमच्या घरचं पुस्तकच येगळं हाय वाटते, बाई. त्यात गेलेल्या सगळ्याच वापस येते."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बाईनं दोन शब्द सुनावले असते. तिनं पायलकडं पाहिलं. पायल चटईची काडी उपटत होती, मान वर न करता. त्या खाली गेलेल्या मानेनं बाईला सगळं सांगितलं.

घरी आल्यावर चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायली, अन् खाटेवर बसून म्हणाली, "पहाडवाली?"

पायलनं नाही म्हणून मान हलवली.

"माश्यावाली?"

"तेबी नाही आजी."

"म्हणजे मी गावभर ज्या बाया मिरवल्या, त्या तू घरी पैदा केल्या. सोयाबीनच्या बोगस बियाण्यासारख्या. वरून थैली चांगली." बाईचा आवाज चढला नव्हता, अन् तेच पायलला जास्त भिववत होतं. "हे मिठाचं पाणी तं याच घरचं, तू कुठून आणलं? तुह्या वणीत तं नळाखाली पाय धरता तुम्ही. तुहे पाय कोणी धुतले मिठाच्या पाण्यात?"

पायल रडायला लागली. "आत्यानं सांगतलं."

"कोणत्या आत्यानं?" बाईनं विचारलं. पायलला आत्या एकच होती.

मग हुंदके देत देत सगळं बाहेर आलं. बापानं पोरीजवळ आपला जुना मोबाइल दिलेला. बाई सकाळी शेळीसाठी पाला आणायला गेली की अपेक्षाचा फोन यायचा. पायल तिला आज काय वाचायचं ते आधी वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी पहाडवाली ऐकून अपेक्षा रडली. म्हणाली, आईले असं नको वाचू, तिले लागन. वापस आणजो तिले. कशी आणायची तेही तिनंच सांगितलं, आखर, घंगाळ, मीठ, ताट. मग रोजच सांगू लागली.

"तुह्या बापाले माहीत हाय?"

"हौ."

"मायले?"

"हौ. सगळ्यायले माहीत हाय. आत्याचा फोन तं नेहमीच येते आमच्याकडे."

"म्हणजे मलेच नव्हतं माहीत," बाई म्हणाली.

जहाजवाली आली नाही याचं तिला काही नव्हतं. ती कोण, कुठली. पण रोज दुपारी आपल्याच ओसरीत, आपल्याच नातीच्या तोंडून, सगळ्या घरानं मिळून आपल्याला लहान लेकरासारखं भरवलं. गुळात कालवून कडू औषध भरवतात तसं. अन् आपण ते मिटक्या मारून खाल्लं, वर शेजारणींना वाटलं. ज्या लेकीचं नाव घरात बंद केलं होतं ती रोज दुपारी येऊन बसत होती, अन् आपण तिला ओळखलं नाही. लेक निघून गेली तेव्हा निदान समोरून गेली होती. लेकानं हे पाठीमागून केलं, त्याचं तर तोंडसुद्धा दिसलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं पायलला वाढलं, पण नेहमीसारखी समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाला आणायला गेलीच नाही. शेळी ओरडत राहिली. फोन वाजला तसा तिनं तो पायलच्या हातून घेतला अन् कानाला लावला.

"पायल, कुठवर आलं वो आपलं पुस्तक?" अपेक्षा हसत बोलत होती. इतकी वर्षं गेली तरी आवाज तोच होता, अन् बाईला त्याचाच राग आला. "आज कोणाले आणाचं वापस?"

"आण न," बाई म्हणाली. "जिले आणाचं तिले आण."

पलीकडून बारीक आवाजात, "आई?"

"पुस्तकात तं किती खेप येऊन गेली तू. माह्या हातानं पाय धुवून घेतले, माह्या हातचं जेवली. दारात काहून नाही आली?"

"तूच म्हणलं होतं, पाय ठेवाचा नाही म्हणून."

"म्हणलं. तुह्या तोंडावर म्हणलं, गावासमोर म्हणलं. जे पटलं नाही ते पटलं नाही म्हणलं. तू काय केलं? एवढ्याशा पोरीच्या तोंडून बोलली. मलेच ऐकवलं अन् मलेच मालूम नाही."

"आई, मले तुले दुखवाचं नव्हतं."

"मंग दुखलं नाही का? समाजमंदिरात ये अन् पाह्य, किती दुखलं नाही ते." अपेक्षाचं रडणं ऐकू आलं. "रडू नको. तिकडून रडणं महाग पडते."

"मले खरंच यावंसं वाटते, आई. खोटं नाही सांगत."

"हे म्हणाले पुस्तक लागते काय? फोन उचलाचा अन् म्हणाचं. मी शिव्या दिल्या असत्या, पण तुलेच दिल्या असत्या, तुह्या नावानं. जहाजवाली बरी तुह्यापेक्षा. आली नाही, पण झूट तं नाही बोलली कोणाशी."

फोन बंद कसा करतात हे तिला माहीत नव्हतं. तिनं तो तसाच पायलच्या हातात दिला अन् शेळीच्या दाव्याशी उगीच खटपट करत बसली. फोनमधून "आई, आई" येत राहिलं. मग तेही थांबलं.

थोड्या वेळानं पायल फोन हातात धरूनच जवळ आली. "आजी, आत्या विचारून राह्यली, का..."

"तू मधात नको बोलू," बाई म्हणाली. "मोठ्यायचं ओझं वाह्याचं वय नाही तुहं. तिले विचाराचं ते तिच्या तोंडानं विचारन. तुह्या बापाशी मी बोलतो, तो येऊ दे. तुले वाचाचं काम होतं, तेवढंच कराचं होतं तू."

"पण आत्या रडत होती न."

"अन् मी हसून राह्यली होती काय?"

दुपारी बाया नेहमीपेक्षा लवकर आल्या. शकुबाई सगळ्यांच्या आधी, स्वतःची काडी घेऊन. काल काय झालं ते पाहिलेलं होतं, आज काय होतं ते पाहायचं होतं. ओसरी बंद राहील असं काहींना वाटलं होतं. पण सत्यशीलाबाईनं सतरंजी टाकलेली होती, कणीक मळलेली होती.

"बसा," ती म्हणाली. "काल ऐकलं तुम्ही. आजवर या ओसरीत जे वाचलं ते खोटं होतं. माह्याच घरातून झालं, दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नका. आता पुन्हा पहिल्यापासून वाचाचं, जसं लिवलं तसं. ज्याले गोड लागत नसन त्यानं घरी जाऊन रस प्यावा."

कोणी उठलं नाही. पायल आपल्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून बसायला गेली. "तिथं नाही," बाईनं सांगितलं. "इथं. माह्या बाजूनं."

पायल येऊन बसली. माश्यावालीचं पान उघडलं अन् वाचू लागली. बाईनं हात पुढं केला, कणकेचं बोट पदराला पुसलं अन् पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षराखाली टेकवलं.

"थांब. हे काय हाय?"

"जंगलात, आजी."

"जं. ग. ला. त." बाईनं एकेक अक्षर चाचपून पाहिलं. "बरं. पुढं."

ओळ संपायला एरवी पान संपतं तेवढा वेळ लागला. बायांचे हात चालत राहिले. माश्यावाली जंगलात गेली, झोपडी बांधली, पावसाळे काढले. गांधीलमाश्यांनी तिचं तोंड सुजवलं. तिनं माश्यांवर मोठं पुस्तक लिहिलं. शेवटची ओळ आली तेव्हा ऊन ओसरीच्या पायरीवरून उतरलं होतं.

"मायचं काय?" बाईनं विचारलं.

पायलनं पान उलटून पाहिलं, पुन्हा पालटलं. "मायचं काहीच नाही लिवलं, आजी."

"वाट पाहत होती, नाही पाहत होती, काही?"

"काहीच नाही."

बाईनं त्या कोऱ्या जागेवरूनही बोट फिरवून पाहिलं. शकुबाई काडीवरची वळी सोडवत हळूच म्हणाली, "लिहिणाऱ्याले माय नसन, बाई." त्यात टोमणा नव्हता.

पायल आजीकडं पाहत होती. "आजी, आता तं मी खरंच वाचलं. आता माह्यावर भरोसा हाय न?"

"नाही," बाई म्हणाली.

पोरीचे डोळे भरून आले. बाईनं ते पाहिलं, अन् पाहूनही शब्द मागं घेतला नाही. तिनं पुस्तक स्वतःच्या मांडीवर ओढलं, पहाडवालीचं पान काढलं, अन् मथळ्यातलं मोठं अक्षर बोटानं दाबून धरलं.

"आता मी वाचू?" पायलनं विचारलं.

"वाच. पण माह्या बोटाच्या मागं मागं."