थुकेलाकाठी राहिलेला

भेकुमुझी म्थेथ्वाला आयुष्यात कोणी गप्प बसवलं नव्हतं. एकोणतीस वर्षं त्याने साखर कारखान्यात मुकादमकी केली. त्याने नुसता घसा खाकरला तरी ऊसतोडीची टोळी ताठ उभी राहायची. आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी नोकुफिवा आत्या भावकीच्या देखत त्याच्यापुढे बोट नाचवत होती.

"वाटेत तोंड उघडायचं ते फक्त त्याच्याशी. दुसऱ्या कुणाशी एक अक्षर नाही. नदी आली की त्याला सांगायचं, गाडी बदलली की सांगायचं. नाही सांगितलं तर तो तिथेच राहील. गाडीत त्याची वेगळी जागा घ्यायची. आणि भेकुमुझी, ओरडायचं नाही त्याच्यावर."

"मी कशाला ओरडीन?"

"का? पहिल्यांदाच ओरडशील का?" आत्या म्हणाली, आणि मेलेल्या माणसाला जिच्यावरून घरी आणतात ती बोराटीची फांदी तिने त्याच्या हातात ठेवली.

तो म्हणजे झ्वेलाखे, भेकुमुझीचा धाकटा भाऊ. तारलीच्या हंगामात खाली दक्षिण किनाऱ्यावर रापण ओढायला जायचा, तो पुढे तिकडचाच झाला. दोन वर्षांपूर्वी जाळं टाकताना होडी उलटली आणि तो बुडाला. चौथ्या दिवशी देह सापडला, पेटीतून घरी आला, आईशेजारी पुरला. सगळं रीतसर झालं, फक्त झ्वेलाखे आला नाही. पहाटे पहाटे भेकुमुझीला तो स्वप्नात दिसायचा. फाटकाबाहेर उभा, ओलाचिंब, मान खाली. ये म्हटलं तरी आत येत नव्हता.

"हाडं आणलीत तुम्ही," देवऋषीण म्हणाली होती. "माणूस अजून समुद्रावरच उभा आहे. थोरल्याने जाऊन आणावं. दुसऱ्या कुणाबरोबर तो यायचा नाही."

"थोरल्याबरोबर तरी येईल का?" आत्या फणकारली होती. "यानेच तर त्याला हाकललंय."

हाकललं होतं, खोटं कशाला बोला. अकरा वर्षांपूर्वी आई गेली. भावकी जमली, बैल कापला, माती झाली, माणसं पांगलीसुद्धा. आणि धाकटे चिरंजीव उगवले ते माती झाल्याच्या चौथ्या दिवशी. केसांत वाळू, डोळे लाल, बूट हातात, चाल डुलती. रापणीवरचे लोक किती पितात ते भेकुमुझीला ठाऊक होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकात आडवा उभा राहून, चार घरं ऐकतील अशा आवाजात तो म्हणाला, "समुद्र हेच तुझं घर. तिकडेच जा. या फाटकातून पाऊल आत टाकायचं नाही." झ्वेलाखेने उलट उत्तर दिलं नाही, आमच्याकडे धाकटे थोरल्याला देत नाहीत. जरा वेळ उभा राहिला, मग वळून गेला. दोघांचं बोलणं तिथे संपलं ते संपलंच.

तर असा हा भेकुमुझी फांदी घेऊन दक्षिण किनाऱ्यावर, मार्गेटच्या खालच्या अंगाला पोचला. होडी उलटली ती जागा त्याला माखोझाने दाखवली. माखोझा म्हणजे रापणीवर मासळी निवडणारी बाई. झ्वेलाखेला तिकडे दोन घास करून घालणारी, त्याची मानलेली बहीण. अंगाने भरलेली आणि तोंडाने त्याहून भरलेली. एम्पांगेनीला तिची लेक बाळंत व्हायची होती, म्हणून तिथपर्यंत ती बरोबर येणार होती.

सकाळची भरती होती. भेकुमुझी गुडघाभर पाण्यात गेला आणि त्याने फांदी लाटेत बुडवली. आमच्याकडच्या बोराटीला जोडीने काटे असतात, एक सरळ आणि एक मागे वळलेला. त्यातला वळलेला त्याच्या अंगठ्यात रुतला.

"न्याम्बोसे," त्याने कुळाचं नाव घेतलं. "झ्वेलाखे, मी भेकुमुझी. तुला न्यायला आलोय. चल."

हजेरी घेतल्यासारखं एवढंच बोलून तो वळला. काठावर उभ्या माखोझाने नाक मुरडलं.

टॅक्सीत, म्हणजे आमच्याकडच्या पंधरा माणसांच्या छोट्या गाडीत, त्याने खिडकीजवळची जागा भावाला दिली आणि आपण कडेला बसला. ड्रायव्हरने फांदी पाहिली आणि गाणी बंद केली. पोर्ट शेपस्टोनला एक बाई चढली, रिकामी जागा बघून पुढे आली, मग फांदी दिसताच थबकली. "बसा हं, बाबा," ती जागेला म्हणाली आणि मागच्या गर्दीत कोंबून बसली.

"म्झिमखुलू आली," भेकुमुझी म्हणाला. "पूल ओलांडतोय. ये."

मग तासाभराने, "म्खोमाझी आली. ये." डर्बनच्या टॅक्सीतळावर कणसं भाजणाऱ्या बायांच्या धुरातून वाट काढताना, "गाडी बदलायची आहे. माझ्या मागून ये. चुकू नको." म्गेनी आली, म्गेनी गेली. कामात कसूर नव्हती. आत्याने सांगितलेलं अक्षरन् अक्षर तो पाळत होता, आणि मनातून त्याला वाटत होतं की हे काम तर निघालं सोपं.

मागच्या सीटवर माखोझाच्या पोटात मात्र बडबड मावत नव्हती. भेकुमुझीशी बोलून उपयोग नव्हता, त्याला उत्तर द्यायची बंदी. डर्बन सुटल्यावर तिने तळलेल्या पिठाचा अर्धा ग्विन्या तोंडात टाकला, पुढे वाकली आणि थेट फांदीशी बोलायला लागली.

"काय रे झ्वेलाखे, तुझा भाऊ तुला नद्या सांगतो का पाढे म्हणतो?"

दोघातिघांनी तोंडावर हात धरले. भेकुमुझीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जन्मात पहिल्यांदा कोणी त्याची टर उडवत होतं आणि त्याला मुकाट बसावं लागत होतं.

"हसू नका हो," माखोझा शेजारणीला म्हणाली आणि पुन्हा फांदीकडे वळली. "तू म्हणायचास ना, दादाचा आवाज मोठा, पण लहानपणी उसाचं पेर सोलून द्यायचा तो दादाच. पहिला, गोड तुकडा मला, शेंड्याचा त्याला. दर हंगामात तेच तेच. आम्हाला पाठ झालं होतं."

भेकुमुझीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. उसाची शेतं मागे पळत होती. पेराचं त्याला आठवत नव्हतं. मग एकदम आठवलं.

"थुकेला जवळ आली बघ," माखोझा सांगत होती. "ती तू कसा विसरशील! आई गेल्याचा निरोप आला, त्या आठवड्यात टॅक्सीवाल्यांच्या मारामाऱ्या पेटलेल्या. एक गाडी हलत नव्हती. मी म्हटलं, थांब जरा, सुरू होतील. ऐकलंस? किनाऱ्याकिनाऱ्याने चालत सुटलास. नऊ रात्री वाळूत झोपलास. थुकेलाला पूर, होडीवाला कुणी नेईना, आख्खा दिवस काठावर बसलास. परत आलास तेव्हा तुझ्या तळव्यांकडे बघवत नव्हतं. सुजून बूट चढेनात, म्हणून हातात धरून घरी गेलो म्हणालास..."

"चालत?" भेकुमुझी गर्रकन मागे वळला. "मार्गेटपासून तो चालत आला होता?"

माखोझाचा हात तोंडाकडे गेला. भेकुमुझीला आपण काय केलं ते तिच्या डोळ्यांत दिसलं. त्याने खिडकीकडे पाहिलं. पुलाचा शेवटचा कठडा मागे सरकत होता, त्यामागे तपकिरी पाण्याचा रुंद पट्टा; पुन्हा ऊस सुरू झाला.

मागे बसलेल्या म्हाताऱ्याने टोपी काढली. "थुकेला गेली," तो म्हणाला. "सांगितलं नाही त्याला."

फांदी खिडकीजवळच्या जागेवर तशीच होती. पण आता ती नुसती फांदी होती, आणि गाडीतल्या प्रत्येकाला ते कळलं होतं.

"थांबव," भेकुमुझी म्हणाला.

"बाबा, हा हमरस्ता आहे," ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला. "मागे वळता यायचं नाही. तुम्हाला उतरवतो, पण थांबणार नाही मी. एवढी माणसं आहेत."

"उतरव."

माखोझा रडायला लागली होती. "माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही! मी गप्प बसले असते तर..."

"अकरा वर्षं सगळे गप्पच होते," भेकुमुझी म्हणाला. नियम मोडलाच होता, आता बोलायला हरकत नव्हती. "तू बोललीस ते बरं केलंस. जा, लेक वाट बघत असेल."

टॅक्सी निघून गेली. तो फांदी छातीशी धरून पुलाकडे चालायला लागला. उसाचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर पूल हादरत होता. त्याचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्याला मनातल्या मनात स्वतःची लाज वाटली. अर्ध्या तासाच्या चालण्याने गुडघे दुखत होते.

पूल ओलांडून मागच्या, दक्षिणेकडच्या काठाला, पूल संपतो तिथे एक पायवाट खाली पाण्यापर्यंत जाते. तो बूड टेकत, धरत धरत उतरला. खाली वाळू होती, कुणाच्या तरी गुरांची पावलं होती. इथून समुद्राचं मुख लांब नव्हतं. असाच कुठेतरी तो दिवसभर बसला असणार, पाय पाण्यात सोडून, पूर उतरायची वाट बघत. आणि तिकडे आईवर माती पडत होती.

"न्याम्बोसे," तो म्हणाला. एकोणतीस वर्षं माणसांना हाका मारण्यात गेलेली, आणि आता सख्ख्या भावाला हाक मारता येत नव्हती.

"झ्वेलाखे, मला माहीत नव्हतं रे."

नदी वाहत होती. हे खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, हे त्याचं त्यालाच कळलं. तो वाळूत बसला.

"मी विचारलंच नाही," तो म्हणाला. "बूट हातात का, एवढंसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं पिऊन आलास. तुझे पाय समोर होते आणि मी तुझ्या पायांकडे बघितलं नाही. तू बोलला नाहीस, कारण मी थोरला. मग थोरल्याने विचारायचं होतं. चुकलं माझं. तू ऐकतोयस का ते मला कळत नाही, पण चुकलं." त्याचा आवाज फाटला आणि म्हातारा माणूस ढसाढसा रडला. बघायला फक्त गुरं होती.

उन्हं कलायला लागली तेव्हा तो उठला. फांदी पाण्यात बुडवली.

"चल, झ्वेलाखे. थुकेला आली. आज पूर नाही बघ, ढोपराएवढंही पाणी नसेल कडेला. पण आपण पुलावरून जाऊ. घाई नाही. कडेकडेने चाल, ट्रक फार आहेत."

पूल संपेपर्यंत तो बोलत होता. आत्याची नजर गेली, पण जीभ तशीच आहे. आईच्या कबरीवर कोरफड लावली होती, ती फुलली. तुझ्या लाल गाईचा वंश अजून गोठ्यात आहे, मी विकला नाही. पलीकडे पोचल्यावर तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. बऱ्याच वेळाने एक रिकामा उसाचा ट्रक थांबला. ड्रायव्हरने फांदी पाहिली, शेजारच्या सीटवरचं जॅकेट आणि डबा उचलून मागे टाकला, आणि म्हणाला, "दोघं ना? या."

म्हलाथुझे आली, त्याने सांगितली. म्फोलोझी आली, तेव्हा म्हणाला, "ही आपली. इथे तू पोहायला शिकलास, आणि मार मी खाल्ला."

घरी पोचेपर्यंत सांज झाली होती. अंगणात भावकी जमलेली, बकरा बांधलेला, चूल पेटलेली. आत्या काठी टेकत फाटकाजवळ आली. नजर गेलेली असली तरी पावलं ती ओळखत होती.

"आलास? एवढा उशीर का? आणलंस ना त्याला?"

भेकुमुझीला अजून उत्तर द्यायची बंदी होती. तो फाटकापुढे थांबला. याच जागी, असाच, तो त्या दिवशी आडवा उभा होता. वडील होते तेव्हापासून या फाटकातून थोरला पुढे आणि धाकटा मागे असंच चालत आलं होतं. लग्नाला, मयताला, गुरं घेऊन येतानाही. आत जमलेली माणसं त्याच्या पाऊल टाकण्याची वाट बघत होती.

तो बाजूला सरकला. फाटक त्याने पूर्ण उघडलं आणि फांदी हात लांब करून आपल्या पुढे, उंबऱ्यापलीकडे धरली.

"पाऊल टाकू नको म्हणालो होतो ते मी मागे घेतो," तो मोठ्याने म्हणाला, चार घरं ऐकतील अशा आवाजात. "हे तुझं घर आहे. जा आत. तू आधी."

सुजल्या पायांच्या माणसाला फाटकातून आत जायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ भेकुमुझी हात लांब करून तसाच उभा राहिला. मग भावाच्या मागून तो आत गेला.