खाडीवरची मुकी पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. खाडीच्या पायऱ्या जिथे पाण्यात उतरतात, तिथे एका लाकडी खांबावर मी उभी आहे. माझ्या अंगावर लिहिलंय, 'सावधान! पाण्यात मगरी आहेत.'

मित्रांनो, रंगाऱ्याने मला मन लावून रंगवलं. अक्षरं झकास उतरली, पण खाली मगरीचं चित्र काढायचं, तर त्याने मगर कधी जवळून पाहिली नव्हती. "ही मगर की पाल?" म्हणून लोक खो खो हसले. तरी त्याच महिन्यात तीन परकी माणसं मला वाचून मागे फिरली आणि मला फार बरं वाटलं.

पुढे गावाला माझी सवय झाली. मगरी कुठे पहुडतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हातच्या कांकणाला आरसा कशाला? जाळी विणणारी आक्का तर ओली जाळी माझ्यावरच वाळत घालू लागली. अक्षरं झाकली गेली आणि मी मुकी झाले. खाऱ्या पाण्याने खांबही बुडाशी कुजला.

एके सकाळी आक्काची धाकटी बहीण पहिल्यांदाच तिच्याकडे आली. "आक्का, पाय धुऊन येते गं," म्हणत ती पायऱ्या उतरू लागली. पाण्यावर दोन डोळे वर आलेले मला जाळ्यातून दिसले. माझा जीव कासावीस झाला. तेवढ्यात वाऱ्याने जाळं फुगलं. एरवी मी अशा वाऱ्याला दाद दिली नसती. त्या दिवशी ठरवलं, आज उभं राहायचं नाही. सगळा भार कुजक्या खांबावर टाकून मी दगडी पायऱ्यांवर आदळले. पत्रा असा कडाडला की बहीण दचकून वर पळाली. खाली जबडा मिटला, पण रिकामाच.

आक्का धावत आली. "माझ्याच हातांनी झाकलं होतं गं मी!" म्हणत ती बहिणीला मिठी मारून रडली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः खड्डा खणून नवा खांब रोवला आणि जाळ्यांसाठी वेगळी दोरी बांधली. रंगारी मगर सुधारायला आला, तर म्हणाली, "राहू दे. हसतात, पण बघतात तरी!"

मित्रांनो, मगर दुष्ट नाही. पाणी तिचं घर आहे. तुम्हाला पाटीची गरज नसेल, पण उद्या येणाऱ्या पाहुण्याला असेल. तिच्यावर काही टाकू नका. मी आता इथून हलणार नाही. पुन्हा पडायची वेळ मात्र माझ्यावर आणू नका. दर वेळी वारा असेलच असं नाही.