दोन सेकंदांचा हिशेब ठेवणारं घड्याळ

मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला स्वतःचा थोडा गर्व आहे. किल्ली दिली की तयार होतो, बटण दाबलं की पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, आणि सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत खरं बोलतो. माझा जन्म स्वित्झर्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी भिंगातून बघत माझी चक्रं बसवली, मला कानाला लावलं आणि त्या हसल्या. ते माझं पहिलं कौतुक.

पण माझं आयुष्य गेलं आयोवात, ऑर्व्हिल स्टॅमच्या शर्टाच्या खिशात. ऑर्व्हिल एका छोट्या कॉलेजासाठी बेसबॉलचे खेळाडू हेरायचा. उन्हाळ्यात शाळांचे सामने सुरू झाले की मक्याच्या शेतांमधून गाडी हाकत गावोगाव हिंडायचा आणि जाळीमागे फळीवर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायचा. त्याचा खरा जीव कॅचरांवर. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे, क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा उकिडवा बसणारा गडी. पहिल्या बेसवरचा खेळाडू संधी साधून दुसऱ्या बेसकडे पळाला, तर कॅचरने चेंडू झेलायचा, उठायचं आणि तो त्याच्याआधी दुसऱ्या बेसवर पोचवायचा. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात धप्पकन वाजला की ऑर्व्हिल मला सुरू करायचा, पलीकडच्या हातमोज्यात शिरला की थांबवायचा. दोन सेकंदांत पोचला तर पोरगा कामाचा. अडीच लागले तर ऑर्व्हिल वही मिटायचा. अशी कितीतरी पोरं मी घरी पाठवली आणि मला एकदाही वाईट वाटलं नाही. आकडा म्हणजे आकडा, असं माझं मत होतं.

मग जुलैतला एक शनिवार आला. लिंडरबर्ग नावाच्या गावात ऑर्व्हिल तिथल्या शाळेच्या कॅचरला, कर्टिस टेनपासला, बघायला आला होता. कॉलेजात कॅचरसाठी शिष्यवृत्तीची एकच जागा उरली होती. सोमवारी नाव द्यायचं होतं, आणि शहरातला एक बरोब्बर दोन सेकंदवाला पोरगा वहीत आधीच बसला होता. कर्टिसला आणखी चार वर्षं खेळायचं होतं. हे जमलं नाही तर सप्टेंबरपासून त्याने मांसाच्या कारखान्यात कामाला लागायचं, असं घरी ठरलं होतं.

दर डावाच्या आधी कॅचर दुसऱ्या बेसवर सरावाचा एक थ्रो करतो. तो आम्ही मोजला. दोन सेकंद आणि चार दशांश. पुढच्या डावात तेच. तिसऱ्या डावात तर पुरते अडीच. आणि खऱ्या खेळात त्याच्यावर थ्रो करायची वेळच येईना, कारण समोरच्या संघातलं कुणी पळायचं नावच घेत नव्हतं. सगळे आपले पहिल्या बेसला चिकटून! ऑर्व्हिलने उसासा टाकला. मी मनात म्हटलं, आटपा आता, आणखी एक घरी.

पाचव्या डावात मैदान सपाट करायला ट्रॅक्टर आला, तशी मंडळी खाण्याच्या टपरीकडे वळली. तिथे कर्टिसची आई आर्डिथ हॉट डॉग विकत होती. ऑर्व्हिल कोण आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण वशिला लावतोय असं दिसू नये म्हणून कुणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

"मोहरीचा सॉस घालू?" आर्डिथने विचारलं.

"घाला. आणि रागावू नका बाई, पण तुमच्या मुलाचा थ्रो जरा मंद आहे हो."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. तो होता मर्ल द्वोराक, समोरच्या संघाचा कोच. कॉफीसाठी रांगेत उभा होता.

"मंद? ऑर्व्हिल, उन्हात फार बसलास काय? गेल्या वर्षी माझी अकरा पोरं त्याच्यासमोर पळाली. अकराच्या अकरा बाद! यंदा मी बजावलंय, जो पळेल तो घरी चालत जाईल."

"माझं घड्याळ अडीच सेकंद सांगतंय."

"सरावाचे थ्रो मोजलेस होय! अरे, दुसऱ्या बेसवर कोण उभं आहे बघ की. टेडी. आठवीतला. शाळेत पोरंच पुरत नाहीत, म्हणून घेतलाय. कर्टिस त्याला अंडं हातात द्यावं तसा चेंडू देतो."

आर्डिथच्या हातातली बाटली थांबली. "मीच सांगितलं त्याला तसं," ती म्हणाली. "टेडी माझ्या बहिणीचा. गेल्या आठवड्यात कर्टिसच्या थ्रोने त्याचा तळहात टम्म सुजला. बहीण मला नाही नाही ते बोलली. म्हणून आज सकाळी बजावलं, हळू टाक रे बाबा. आजच कुठून दुर्बुद्धी सुचली मला!"

"मग आता सांग ना, जोरात टाक म्हणून," मर्ल म्हणाला.

"सांगून झालं. ऐकेल तर शपथ! म्हणतो, मला मिरवायचंय म्हणून टेडीचा हात कशाला दुखवू? खरंच कुणी पळालं तर टाकीन म्हणतो."

ऑर्व्हिलने हॉट डॉग हातात घेतला. "पोरगा चांगला आहे बाई. पण जे बघितलंच नाही, ते मी वहीत कसं लिहू?"

 मर्ल कॉफी घेऊन निघून गेला.

सातवा डाव, म्हणजे शेवटचा. दोन्ही संघांच्या तीन-तीन धावा. मर्लचे दोन गडी बाद झालेले, तिसरा गेला की त्यांची पाळी संपली, आणि पहिल्या बेसवर त्याचाच मुलगा रिक, संघातला सर्वांत चपळ. शहाण्याने इथे गप्प उभं राहावं. ऑर्व्हिलने वही खिशात घातली होती. मी तेवढा त्याच्या हातात होतो. मर्लने एकदा जाळीमागे ऑर्व्हिलकडे बघितलं आणि कमरेच्या पट्ट्याला हात लावला. पळ, अशी ती खूण. रिक डोळे फाडून बापाकडे बघत राहिला. मर्लने पट्ट्यावर पुन्हा हात मारला, या वेळी चांगला जोरात.

रिक पळाला, आणि अगदी जीव तोडून पळाला. धप्प! ऑर्व्हिलच्या अंगठ्याने मला सुरू केलं. कर्टिस उठला कधी आणि चेंडू सुटला कधी, ते मलाही नीट दिसलं नाही. टेडीने हातमोजा बेसच्या वीतभर वर धरला होता आणि डोळे गच्च मिटले होते. हातमोजा जरासुद्धा हलवावा लागला नाही. चेंडू आपणहून त्यात येऊन बसला आणि रिक घसरत येऊन त्याच हातमोज्यावर आदळला. बाद! लोक खुर्च्या सोडून उठले. टेडीने डोळे उघडले आणि चेंडू हातात बघून तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

आणि मी? मी आपला पळतोच आहे! तीन सेकंद, सात सेकंद, वीस सेकंद. अहो ऑर्व्हिलराव, बटण! पण ऑर्व्हिल तोंड उघडं टाकून उभा. त्याने मला तसंच, चालू, खिशात टाकलं. असा अपमान माझा कधी झाला नव्हता.

डावाच्या उरलेल्या अर्ध्यात लिंडरबर्गची पाळी आली, त्यांनी एक धाव काढली आणि मर्ल हरला. ऑर्व्हिलने त्याला गाठलं.

"पळवलंस कशाला रे पोराला?"

"मी? छे! कार्टं ऐकतंय कुणाचं."

"बाबा, तुम्हीच तर..." रिक म्हणाला.

"गप. बॅटी गोळा कर."

तेवढ्यात कर्टिस आला. गुडघे मातीने माखलेले, तोंडावरचा जाळीचा मुखवटा काखेत. मागे आर्डिथ, ॲप्रन मुठीत धरून.

"सर, किती आले?"

ऑर्व्हिलने मला बाहेर काढलं. कर्टिस वाकून बघू लागला. नऊ मिनिटं उलटून गेली होती आणि माझा काटा अजून फिरत होता.

"हे तर चालूच आहे," तो गोंधळून म्हणाला.

"हो. थांबवायचं विसरलो," ऑर्व्हिल म्हणाला. "तीस वर्षांत पहिल्यांदा. सोमवारी तुझं नाव देतोय."

आर्डिथने मुलाला असं घट्ट धरलं की मुखवटा खाली पडला. टेडी आपला लाल झालेला तळहात गावभर दाखवत सुटला.

आता मी कॉलेजातल्या एका कपाटात असतो. मित्रांनो, जुन्या घड्याळांना जपा. अधूनमधून किल्ली द्या, धूळ पुसा. आम्ही खोटं बोलत नाही, तेव्हा आमच्यावर विश्वासही ठेवा. फक्त एवढं लक्षात असू द्या, की आम्हाला टेडीच्या सुजलेल्या हाताचं काही कळत नाही. ते रांगेत उभं राहून माणसांनाच विचारावं लागतं. आणि समोर खरंच काही सुरेख घडत असेल, तर बटण दाबायचं खुशाल विसरा. त्या दिवशी चौथ्या-पाचव्या मिनिटाला माझा राग गेला होता, आणि खरं सांगतो, मलाही थांबावंसं वाटत नव्हतं.