तळघरातली चौदा नंबरची खोली

सोसायटीच्या तळघरात पाण्याचा पाइप गळत होता. मंगळवारी सकाळी दहाला प्लंबर येणार, सगळ्यांनी आपापली सामानाची खोली उघडी ठेवावी, अशी चिठ्ठी खालच्या दारावर लागली. सेनादाने ती तीनदा वाचली.

स्वीडनमधल्या व्हार्नामो गावातल्या त्या चार मजली इमारतीत राहून तिला एकोणतीस वर्षं झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने नोकरी केली, इथेच मुलगी वाढवली, नवऱ्याला इथल्याच मातीत पुरलं. पण तळघरातली तिची खोली नवरा सोडून कोणी आतून पाहिलेली नव्हती. सामान रातोरात दुसरीकडे हलवावं असंही एकदा तिच्या मनात आलं. पण नुसतं पाणीच दोनशे लिटर. नेणार कुठे?

मंगळवारी ती किल्ली मुठीत धरून उभी राहिली. प्लंबरसोबत सोसायटीची अध्यक्ष गुन-ब्रिट होती, शहात्तर वर्षांची, वही आणि विजेरी घेऊन. सेनादाने दार उघडलं आणि बाजूला होऊन जमिनीकडे बघत राहिली.

पीठ, तांदूळ, साखर. तेलाचे डबे. मिठाची चाळीस पाकिटं. साबण, मेणबत्त्या, औषधांचा खोका. प्रत्येक कॅनवर पाणी भरल्याची तारीख. प्लंबरने हलकेच शीळ घातली, पाइप तपासला आणि पुढच्या खोलीकडे गेला. गुन-ब्रिट मात्र तिथेच थांबली.

"मी काढून टाकेन हे," सेनादा म्हणाली. "आठवड्याभरात."

"का?"

"नियमात बसत नसेल."

गुन-ब्रिटने वहीतून एक पुस्तिका काढली. संकट आलं तर घरात काय काय असावं, हे सांगणारी ती सरकारी पुस्तिका गेल्याच आठवड्यात घरोघरी आली होती. सेनादाच्या घरीही आली होती, पण तिने ती न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकली होती.

"अगं, आठवडाभर मी हे घेऊन बसलेय. मला काही उमगत नाही," गुन-ब्रिट म्हणाली. "यात म्हणे आठवडाभराची तयारी ठेवा. म्हणजे नेमकं काय? तू सांग. यात काय राहिलंय?"

सेनादाने यादी वाचली. बोट ओळीओळीवरून खाली नेलं.

"मीठ कमी आहे," शेवटी ती म्हणाली. "आणि कॉफी. कॉफीला त्यांनी फारच हलक्यात घेतलंय."

गुन-ब्रिट हसली. "कॉफी नसेल तर ही बिल्डिंग दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या जिवावर उठेल. गुरुवारी मीटिंग आहे. तू बोलशील?"

"मला नाही जमणार. तुम्हीच वाचून दाखवा ना."

"वाचता मलाही येतं. पण मला त्यातलं काही माहीत नाही."

मुलीला, मिरेलाला, तिने फोनवर नुसतं एवढंच सांगितलं की गुरुवारी मीटिंग आहे. मिरेला नर्स होती, रेल्वेने एक स्टेशन पुढे राहायची. ती लहान असताना हे सगळं सामान सेनादाच्या पलंगाखाली असायचं. बाराव्या वाढदिवसाला आलेल्या मैत्रिणींना पिठाची पोती सापडली आणि त्या खूप हसल्या. त्या गेल्यावर मिरेला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली होती, "आई, आपण काय चोरून आणलंय का ते?" दुसऱ्याच दिवशी पोती तळघरात गेली आणि त्या विषयावर मायलेकी पुन्हा बोलल्या नाहीत.

गुरुवारी पंधरा माणसं जमली. कॉफी आणि दालचिनीचे पाव मांडले होते. मिरेला ड्यूटीवरून थेट आली आणि मागच्या खुर्चीत बसली. सेनादाने पिशवीत हात घातला आणि एक ग्लास बाहेर काढला.

"मी बोस्नियातल्या साराजेव्होची," ती म्हणाली. "शहराला वेढा पडला तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. वीज गेली, पाणी गेलं. आम्हाला वाटलं, पंधरा दिवस. तीन वर्षांहून जास्त निघाली."

तळमजल्यावरचा रुने, चौऱ्याऐंशी वर्षांचा, सगळ्यांच्या तक्रारी करणारा, त्याने हात वर केला. "संडासाचं काय करायचात?"

कोणीतरी हसलं. सेनादा मात्र हसली नाही. "बरं विचारलंत. तेच आधी विचारायला हवं. भांडी घासलेलं पाणी फेकायचं नाही, ते तिथे वापरायचं. आणि पाणी चौथ्या मजल्यावर चढवायचं असतं, हे लक्षात ठेवा. कॅन वीस लिटरचे घेऊ नका. पाच लिटरचे घ्या. मी वीसचे घेतले होते, माझ्या आईला उचलवायचे नाहीत. ती ओशाळायची आणि तहानलेली राहायची, मला सांगायची नाही."

हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं.

मग तिने ग्लासात अर्धं पाणी घेतलं, वर बोटभर तेल ओतलं. बुचाची पातळ चकती कापून तिला भोक पाडलं, त्यातून सुती दोरा ओवला आणि चकती तेलावर तरंगत सोडली. गुन-ब्रिटने दिवे मालवले. सेनादाने काडी ओढली. लहानशी, न हलणारी ज्योत.

"याच्या उजेडात मी तांदळाचा हलवा केलाय," ती म्हणाली. "साखर नव्हती. शेजारीण म्हणाली, गोड आहे असं समजून खाऊ. समजून खाल्लाही."

दिवे लागल्यावर माणसं तिच्याभोवती जमली. एकीने दोऱ्याची जाडी विचारली. रुनेने पाच लिटरचे कॅन कुठे मिळतात ते लिहून घेतलं आणि मग जरा घुटमळत म्हणाला, "माझे गुडघे गेलेत. माझं पाणी कोण आणेल?" दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बहिणींनी गुन-ब्रिटच्या वहीत त्याचं नाव आपल्या नावाखाली लिहिलं. मग प्रत्येक मजल्यावर कोणी कोणाचं दार वाजवायचं, याची यादी तिथल्या तिथे झाली.

मिरेला खुर्च्या रचायला थांबली.

"हे तू मला कधी शिकवलं नाहीस," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"कसं विचारणार? तू विषयच बंद करून टाकला होतास."

सेनादाने टेबलावरचा पावाचा चुरा ओंजळीत गोळा केला. "तुला लाज वाटायची. मला वाटलं, मुलीला तरी सुखाने झोपू दे."

"मी बारा वर्षांची होते, आई." मिरेलाने तिच्या हातातून चुरा घेतला आणि कचऱ्यात टाकला. "आजीला कॅन उचलवायचे नाहीत, हेसुद्धा मला आज कळलं. तिच्याबद्दल मला तिचं नावच तेवढं माहीत आहे."

त्या रविवारी मिरेला जेवायला आली ती संध्याकाळपर्यंत बसली. सेनादा आजीबद्दल बोलत राहिली. तिचं शिवणयंत्र, तिचं मोठ्याने हसणं, पत्त्यांत केलेली लबाडी. वाईट गोष्टीही आल्या, पण त्या मध्ये मध्ये, सगळ्यांत मिसळून.

जानेवारीत वादळ झालं. आजूबाजूच्या जंगलातली झाडं तारांवर पडली आणि दुपारी दोनला वीज गेली ती दीड दिवस. सेनादा चपला घालून लगबगीने जिन्यात आली, तर बहिणी आधीच रुनेकडे कॅन घेऊन निघाल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरचा एक जण शेगडी पेटवून मीटिंगच्या खोलीत कॉफी उकळत होता. कोणीतरी तिला खुर्ची दिली. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती बसली, कप हातात घेतला. तेवढ्यात फोन वाजला.

"मी ठीक आहे, पाणी आहे, सगळं आहे," मिरेला म्हणाली. "शेजारचे सहा जण आलेत माझ्याकडे. एवढंच सांग, भाकरीच्या पिठात मीठ किती घालू?"