‘नवं काय’चा रकाना

फुलीचं बटण तेवढं पुसलं गेलं होतं. गोल, चौकोन, त्रिकोण, तिघांची चिन्हं अजून ठसठशीत, आणि फुलीच्या जागी नुसता गुळगुळीत काळेपणा… रुद्रेशने कंट्रोलर उजेडात धरला, त्या काळेपणावरून अंगठा फिरवला. जवळचा पास द्यायला फुली लागते हे खरं, पण नुसत्या पासांनी बटण इतकं झिजत नाही. हे झिजलं होतं पुढे ढकलून ढकलून. खेळाडू मैदानात येतायत – फुली. गोल झाला, नाचतायत – फुली. पंच खिशात हात घालतोय – फुली, दृश्य गायब, खेळ पुढे. व्हिडिओ गेमच्या समीक्षकाला वेळ नसतो. गेम हातात येतो तो तीन दिवस आधी, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला जगभरातल्या समीक्षा एकदम उघडतात. त्यांत मराठीतली एक त्याची, लातूरच्या औसा रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावरून लिहिलेली.

आज चौथा दिवस होता आणि अकरा वाजून गेले होते. एरवी या वेळेपर्यंत त्याचं लिहून झालेलं असायचं, कारण दरसाल येणाऱ्या या फुटबॉलच्या गेमची समीक्षा लिहावी लागतच नाही, ती गेल्या वर्षीच लिहिलेली असते. जुनी फाइल उघडायची, वर्षाचा आकडा बदलायचा, खेळाडूंची दोन-चार नावं इकडची तिकडे करायची, आणि खालच्या तक्त्यात गुण भरायचे – चित्र, आवाज, खेळण्यातली मजा, आणि शेवटचा रकाना ‘नवं काय’. त्याआधी बाहेरचे मोठे समीक्षक काय देणार याचा कानोसा घ्यायचा आणि त्यांच्यापासून अर्ध्या गुणापेक्षा लांब जायचं नाही. वाचकालाही नवं काही नको असतं. त्याला हवं असतं ते एकच ठेवणीतलं कुत्सित वाक्य, मित्रांना पाठवता येईल असं. ते वाक्य मात्र रुद्रेश मन लावून लिहायचा.

गेल्या वर्षीचं वाक्य फारच गाजलं होतं. ‘गोलकीपर अगदी गेल्या वर्षीचाच, या खात्यात वर्षभर कुणी कामावर आलं होतं का, अशी शंका येते.’ ‘नवं काय’च्या रकान्यात दहापैकी दोन. लोक हसले, वाक्याचे फोटो काढून फिरवले. आनंदराजनेही ते वाचून हसरा चेहरा पाठवला होता. एकच, पिवळा.

आनंदराज मुदखेडचा. नांदेडला इंजिनिअरिंगची चार वर्षं दोघं एका खोलीत राहिले होते. मग तो हैदराबादला गेला आणि अकरा वर्षं तिथल्या एका कंपनीत संगणकातल्या बाहुल्यांना हात-पाय हलवायला शिकवत राहिला. कुणाच्या बाहुल्या ते सांगायची बंदी होती. डिसेंबरात कंपनीने त्याच्यासकट चाळीस जणांना घरी पाठवलं, आणि आता तो मुदखेडला परत येऊन तहसिलात कंत्राटावर दाखल्यांची नोंद करतो. सकाळी त्याचा मेसेज आला होता. ‘यंदाचा आला असंल तर पेनल्टीच्या आधी गोलकीपर काय करतो तेवढं बघ. माझ्याकडं मशीन न्हाई आता. ठेवलंय का काढून टाकलं, एवढंच सांग.’

ठेवलंय का. म्हणजे काय ठेवलंय? म्हणजे तो गोलकीपर आनंदराजनेच… रुद्रेशला ते पुरतं कळायला चहा गार व्हावा लागला. आणि कळलं तेव्हा आधी आठवलं ते गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधलं आनंदराजचं बोलणं. फोन ठेवता ठेवता, सहज म्हटल्यासारखं, तो म्हणाला होता, ‘यंदा पेनल्टी नीट बघ रे.’ हो हो, बघतो की, आपण म्हणालो होतो. आपल्याला वाटलं, पेनल्टी अवघड केली असेल. मग विसरलोच. तो बंदीतून जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होता, आणि मी हो हो म्हणत होतो.

त्याने सामना सुरू केला, मुद्दाम आपल्याच गोलपुढच्या पेटीत समोरच्याला पाडलं. शिट्टी. पंच पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवतो. अंगठा सवयीने फुलीवर गेला – तो त्याने उचलून मांडीवर ठेवला. अंगठ्याला काय करावं कळेना.

साठ हजार माणसांचं स्टेडियम, दिव्यांचा झगझगाट. गोलकीपर रेषेवर येतो. हातमोजे ओढतो. पंचाकडे एकदा चोरून बघतो, डाव्या खांबापाशी जातो आणि पायाच्या कडेने खांबाला आत ढकलतो. हळूच, कुणाला दिसू नये असं. खांब लोखंडी, तो काय सरकणार. गोलकीपर त्याच्याकडे क्षणभर बघतो, आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने मधोमध येऊन उभा राहतो.

रुद्रेशला हसू फुटलं.

कॉलेजच्या मागे मुरमाचं मैदान होतं. गोलला खांब कुठले. उजवीकडे कुणाची तरी सॅक, डावीकडे वीट. आनंदराज गोलकीपर, कारण पळायचा त्याला कंटाळा. पेनल्टी लागली की तो हातमोज्यांशी चाळा करत डावीकडे जायचा आणि पायाने वीट आत सरकवायचा, एका पेनल्टीला चार बोटं. सहा वाजेपर्यंत गोल एवढासा उरायचा की त्यातून बॉल नेणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. मुलं भांडायची, शिव्या द्यायची, पण पायाची ती हालचाल कुणाच्या लक्षात यायची नाही. रुद्रेशच्या यायची. तो लांबून ओरडायचा, वीट बाहेर घे म्हणून, आणि आनंदराज कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, ‘रुद्र्या, तुझी नजर लई वाईट हाय.’ ती शाबासकी होती. आयुष्यात तेवढीच एक शाबासकी रुद्रेशने कुठेतरी जपून ठेवली होती. मुळात आपल्याला बघता येतं, आपल्या नजरेतून काही सुटत नाही – या भरवशावर तर नोकरी सोडून हे समीक्षेचं खूळ डोक्यात घेतलं.

‘अहो, नळ आलाय,’ आरती स्वयंपाकघरातून म्हणाली. सहा दिवसांनी आलेलं पाणी. नवऱ्याचं काम कितीही मोठं असो, पाणी थांबत नाही. तो उठला, पाइप लावला, टाकीवर नजर ठेवून उभा राहिला. समोरच्या इमारतीवर क्लासवाल्यांचं होर्डिंग, यंदाच्या पोरांचे फोटो, प्रत्येकाच्या हनुवटीखाली गुण. या गावात माणूस भेटला की आधी नाव विचारतात आणि लगेच टक्के. आपण वेगळं काय केलं? निलंग्याला वडील, शिवमूर्ती मास्तर, बोर्डाचे पेपर तपासायला बसायचे तेव्हा गठ्ठ्यातला पेपर उचलायचे, पहिलं पान वाचायचे आणि पुढची पानं नुसती उलटत जायचे. शेवटची उत्तरं वाचत नाही का, असं त्याने विचारलं तर म्हणाले होते, पोरगं पहिल्या पानावर कळतं. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता वडिलांचा! एखाद्या पोराने शेवटच्या पानावर जीव ओतला असेल, त्याचं काय झालं असेल… टाकी भरून वाहायला लागली. आरतीने येऊन मुकाट्याने पाइप काढला, त्याच्याकडे बघितलं, आणि बरं नाही का, एवढंच विचारलं. काही नाही म्हणून तो खोलीत आला.

अजून एक आशा होती आणि ती भित्री होती. कदाचित हे यंदाच आलं असेल. कदाचित गेल्या वर्षी नव्हतंच. मग आपण लिहिलं ते खरंच ठरतं. त्याने कपाटातून गेल्या वर्षीची डिस्क काढून घातली. सामना, पाडापाडी, शिट्टी. गोलकीपर रेषेवर आला. चोरून बघणं, डावा खांब, पायाची कड… सगळं होतं. गेल्या वर्षभर होतं. त्याने समीक्षेसाठी किमान वीस पेनल्ट्या मारल्या असतील, आणि वीस वेळा तो माणूस त्याच्यासाठी वीट सरकवत होता आणि वीस वेळा त्याने त्याला फुली मारून घालवलं होतं. ‘वर्षभर कुणी कामावर आलं होतं का.’ आलं होतं. हैदराबादेत एक माणूस रोज आला होता.

पाचाच्या आत लिहायला हवं होतं. त्याने जुनी फाइल उघडली, ‘नवं काय’समोरचा दोन पुसला आणि आठ लिहिला. आठ? गेल्या वर्षीचीच हालचाल, यंदा नवी कशी? ही तर भीक झाली, तीही वर्ष उलटल्यावर. पुन्हा दोन लिहिला. दोनाकडे बघवेना. गेम म्हणून पाहिलं तर गेम तसाच होता, जुनाच, आळशी. त्यात एक खांब ढकलणारा पाय होता, त्याला कुठल्या रकान्यात घालायचं? तक्ता त्यानेच आखला होता. त्याने फोन लावला.

आनंदराजने लगेच उचलला. मागे दाखल्यांसाठी आलेल्या माणसांचा गलका.

‘ठेवलंय,’ रुद्रेश म्हणाला. ‘तसंच हाय. वीट सरकवतो.’

पलीकडे आनंदराज हसला, पूर्वीसारखा, पोट धरून. मग सांगत राहिला. चार महिने तो त्या एका पायावर काम करत होता. वरच्यांना वाटलं, गोलकीपर खांबाचा अंदाज घेतोय, त्यांनी पास करून टाकलं. कंपनीत एकालाही कळलं नाही. नाव तर कुठंच येणार नव्हतं. ‘म्हटलं, एकाला तरी दिसंल. मागच्या वर्षी दिसलं होतं का तुला?’

उत्तर सोपं होतं. न्हाई रे, मी बटण दाबून पुढं गेलो, बघितलंच न्हाई. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या हसण्यात ती जुनी शाबासकी होती, ती परत करायला हात वळेना, आणि रुद्रेश म्हणाला, ‘हाव. तेव्हाच दिसलं होतं.’

पलीकडे कुणीतरी उत्पन्नाच्या दाखल्याचं विचारत होतं.

‘मग लिहिलं न्हाईस,’ आनंदराज म्हणाला. तो विचारत नव्हता. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून काही बोलता आलं असतं. ‘दिसलं आन् ते वाक्य लिहिलंस. बरं. असू दे.’ मग त्याने वहिनींची चौकशी केली, माणसं खोळंबलीत म्हणाला, आणि फोन ठेवला.

रुद्रेश बसून राहिला. पुन्हा फोन करता येईल. खरं सांगता येईल. खोटं बोललो रे, पाहिलंच नव्हतं. पण आता ते खरंसुद्धा सारवासारव वाटणार. आनंदराजला वाटणार की हा पाहून हसला आणि आता न पाहिल्याचा आव आणतोय. दहा मिनिटांपूर्वीपर्यंत तो एक कामचुकार समीक्षक होता. न बघता लिहिणारा, तक्ता भरणारा, त्या बापाचा मुलगा. त्याला माफी होती. त्या हसणाऱ्या माणसाने ती हसत हसत दिली असती, रुद्र्या, तुझी नजर गेली म्हणून वर चिडवलंही असतं. ती माफी नको म्हणून त्याने स्वतःच्या हाताने एक दुसरा माणूस तयार केला होता, ज्याने सगळं पाहिलं, ओळखलं, आणि तरी दोन गुण दिले. तो माणूस मुळात नव्हताच कधी. पण मुदखेडला, आनंदराजच्या मनात, आता तोच राहणार होता, आणि तो माणूस असण्यापेक्षा नुसतं आळशी असणं किती बरं होतं, हे रुद्रेशला कळत होतं.